कर्करोगाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये डॉक्टरचे काम : नव्याने येणाऱ्यांसाठी

मेडिकल ऑन्कॉलॉजीचे प्रशिक्षण संपवून एका रुग्णालयात ट्रायलचा, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या उपचारांच्या चाचणीचा, सह-संशोधक म्हणून रुजू झालो, तेव्हा प्रोटोकॉल (ट्रायलची लेखी कार्यपद्धती) पाठ असला की काम जमेल अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात गालाच्या कर्करोगाचे एक वयस्क शेतकरी समोर बसले होते. मराठी माहितीपत्रकाची दोन पाने वाचून होतात तोच ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो, एवढं कशाला वाचताय?" बाहेर ओपीडी भरलेली असल्याने मला बरेच वाटले, पण माझ्या वरिष्ठांनी कागद त्यांच्या हाती देऊन त्यांना घरी पाठवले आणि मुलाला घेऊन यायला सांगितले. तीन दिवसांनी मुलाने विचारले, "म्हणजे बाबांना कोणतं औषध द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरणार?" रँडमायझेशनचा इतका नेमका अर्थ मला स्वतःला सांगता आला नसता. हो, संगणक ठरवणार, मला निवडता येणार नाही, कारण दोन्हींपैकी सरस कोणते हे अजून कोणालाच ठाऊक नाही, असे मी सांगितले आणि त्यानंतरच सही झाली. ट्रायल म्हणजे नवे आणि म्हणून चांगलेच औषध, हा समज रुग्णाच्या मनात खोल रुजलेला असतो. तो दूर करण्याची जबाबदारी डॉक्टरचीच आहे. ती समन्वयकावर सोपवू नये.

"ठाऊक नाही" हे प्रामाणिकपणे म्हणता येणे हाच ट्रायलचा पाया आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतील गाठी (लसीकाग्रंथी) लगेच काढाव्यात की त्या वाढल्यावर, यावर शल्यविशारदांत वर्षानुवर्षे मतभेद होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ट्रायलचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला : लगेच गाठी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. तिथल्याच दुसऱ्या ट्रायलमध्ये डोके व मानेच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगासाठी निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी इतर औषधांच्या जोडीला दिले गेले आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रा न परवडणारा रुग्ण ज्याच्यासमोर रोज बसतो, त्यालाच असा प्रश्न सुचतो. म्हणून केवळ कंपन्यांच्या ट्रायल चालवण्यात समाधान मानू नये, असे मला मनापासून वाटते.

जीसीपीचे (ट्रायल चालवण्याच्या आचारनियमांचे) प्रशिक्षण, नीतिसमितीची मान्यता, सीटीआरआयवरील (भारतातील ट्रायलच्या नोंदवहीतील) नोंदणी या गोष्टी काटेकोरपणे कराव्याच लागतात आणि त्या चार-सहा महिन्यांत अंगवळणी पडतात. वेळ लागतो तो रुग्णाचे ऐकायला शिकण्यास. एक रुग्ण दर भेटीत "बरं आहे" एवढेच सांगत असत. एकदा दारातून बाहेर पडताना त्यांची पत्नी मागे थांबून म्हणाली, "रात्रीतून सात-आठ वेळा उठतात हो, तुम्हाला सांगू नको म्हणाले." नेहमीपेक्षा दिवसाला सात वा अधिक वेळा जुलाब म्हणजे दुष्परिणामाची तिसरी, तीव्र श्रेणी, प्रोटोकॉलप्रमाणे औषध तात्काळ थांबवावे लागले. नाव कमी करतील या भीतीने त्यांनी ते लपवले होते. तेव्हापासून मी "त्रास आहे का?" असे विचारत नाही, किती वेळा, कधीपासून, असे आकड्यांत विचारतो आणि घरच्या माणसाशीही बोलतो. रुग्ण दाखल झाला, तर कारण औषधाशी संबंधित वाटो वा न वाटो, ती गंभीर घटना ठरते आणि २४ तासांच्या आत कळवावी लागते.

माझी एक चूक सांगतो. संमतीची वेळ मी संध्याकाळी आठवून ११ वाजता अशी लिहिली; रक्ताचा नमुना मात्र १० वाजून ४० मिनिटांनी घेतल्याची नोंद होती. कागदोपत्री मी संमतीशिवाय रक्त घेतले होते. मॉनिटरने (ट्रायलच्या नोंदी तपासणाऱ्याने) ते दाखवले तेव्हा खाडाखोड करून वेळ बदलण्याचा मोह झाला. पण मूळ नोंद तशीच ठेवून खाली दुरुस्ती केली त्या दिवसाची तारीख घातली, स्पष्टीकरण लिहिले व नीतिसमितीला कळवले. नोंद त्याच वेळी, त्याच टेबलावर करावी.

त्या शेतकऱ्यांच्या चौथ्या स्कॅनमध्ये गाठींच्या मापांची बेरीज आधीच्या सर्वांत कमी मापापेक्षा २० टक्क्यांहून अधिक वाढली होती. म्हणजे आजार वाढला होता, आणि प्रोटोकॉलनुसार त्यांचा ट्रायलमधील सहभाग संपला. मुलाने विचारले, "आता आम्ही कुठं जायचं?" इथेच, माझ्याकडेच, असे मी म्हणालो आणि पुढच्या तारखेची नोंद ट्रायलच्या फाइलऐवजी ओपीडीच्या केसपेपरवर केली.