झाड छाटायला, खुंट काढायला माणूस बोलावताय? या चुका टाळा

‘साहेब, एक रुपया देऊ नका. काढून देतो, फक्त लाकूड आमचं.’

मे महिन्यात सोसायटीच्या गेटवर टेम्पो थांबवून कुणी असं म्हणालं की कमिटीला हायसं वाटतं. मेंटेनन्सला हात लावावा लागत नाही, पावसाआधी काम उरकतं. पण ज्याला मजुरी लाकडातून सुटवायची आहे, तो वाळक्या काटक्यांकडे कशाला बघेल? वखारीत भाव मिळतो जाड ओंडक्याला. त्यामुळे पार्किंगवर लटकणारी वाळकी फांदी वरच राहते आणि कुणाच्याही वाटेत नसलेली, मांडीएवढी जाड हिरवी फांदी टेम्पोत जाते. झाड एका बाजूला जड होतं, आणि जूनच्या पहिल्याच वादळात नेमकं त्या बाजूला झुकतं. म्हणून मजुरी रोख ठरवा आणि लाकडाचा हिशोब वेगळा ठेवा. लाकूड त्यालाच द्यायचं असलं तरी आधी कुठल्या फांद्या जाणार त्यांवर खडूने खूण करा, फोटो काढा, मग दराचं बोला. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये झाडांची जी वाट लागते, तिच्यातली निम्मी या एका व्यवहारामुळे लागते असं माझं ठाम मत आहे.

‘परवानगीचं आम्ही बघतो’

हे तो म्हणतो, पण परवानगी तो काढत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांना 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा लागू आहे. त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दात जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे झाड आपल्या आवारातलं, आपणच लावलेलं असलं तरी अर्ज करावा लागतो. तो पालिकेच्या उद्यान विभागाकडे, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने. छाटणीला पाहणी होते. झाड समूळ काढायचं असेल तर त्यावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. याला वेळ लागतो, म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच टाका. मे अखेरीस धावाधाव करणारेच शेवटी रविवारी पहाटे गुपचूप करवत चालवतात.

याच कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची तरतूद आली. रोपंही किमान 6 फूट उंचीची हवीत. गावाकडच्या जमिनीत करवत चालवायची असेल तर 1964 चा वृक्षतोडीचा वेगळा कायदा आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर अशी झाडं त्याच्या अनुसूचीत येतात, त्यामुळे ‘माझ्या बांधावरचं झाड’ हे उत्तर तिथेही पुरत नाही.

परवानगीचा कागद हातात आला की नीट वाचा. त्यावर ‘फांद्यांची छाटणी’ असं लिहिलेलं असताना शेंडा उडवला, तर जबाब सोसायटीला द्यावा लागतो. टेम्पोवाला तोवर दुसऱ्या गेटवर असतो.

शेंडा उडवणं म्हणजे छाटणी नव्हे

‘वरून हलकं करून टाका’ असं सांगणारे सभासद प्रत्येक सोसायटीत असतात. झाड बोडकं केलं की चार महिन्यांत कापाच्या कडेने धुमाऱ्यांचे, म्हणजे नव्या फुटव्यांचे, झुपके फुटतात आणि सगळ्यांना वाटतं, बघा, कसं तरारलं! हे धुमारे सालीलगत, वरवर चिकटलेले असतात. आत लाकडात त्यांची पकड नसते. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि वाऱ्याने सोलून निघतात. गुलमोहर आणि सोनमोहरासारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडांत तर हमखास. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा पावभागापेक्षा जास्त हिस्सा काढू देऊ नका.

काप कसा घेतला हे खाली उभं राहूनही कळतं. फांदी खोडाला मिळते तिथे साल थोडी सुजल्यासारखी, वळीसारखी दिसते. काप या वळीच्या लगेच बाहेर हवा. वळीच कापली तर जखम भरत नाही, आणि हातभर ठुंबा ठेवला तर तो कुजून कूज खोडात उतरते. जाड फांदीला तीन काप लागतात. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे वजन खाली पडतं. तिसरा वळीजवळ, उरलेला ठुंबा काढायला. जो थेट वरून खोडाशी करवत लावतो, त्याची फांदी पडताना खोडाची हातभर साल सोलून नेते. काम देण्याआधी फक्त विचारा, ‘जाड फांदी कशी उतरवता?’ ‘दोराला बांधून, खालून आधी काप घेऊन’ असं उत्तर आलं तर पुढे बोला.

कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासायची गरज नाही. आतला ओलावा कोंडून कुजण्याला मदतच होते. आंबा-डाळिंबाच्या बागेत मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात ती गोष्ट वेगळी. ढोलीत सिमेंट भरणं तर पूर्ण थांबवा. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचतं.

खुंट काढताना

झाड गेलं की बुंधा राहतो आणि खरी कटकट तिथे सुरू होते. पहिली चूक तोडण्याआधीच होते. खुंट मुळासकट उपटायचा असेल तर तीन-चार फूट खोड उभं ठेवायला सांगा, ओढायला तेवढीच पकड मिळते. जमिनीलगत सपाट कापून ठेवलेला आंब्याचा बुंधा खणून काढायचा म्हणजे माणसांचे दोन दिवस.

जेसीबी स्वस्तात लवकर काम करतो, पण कंपाउंडच्या भिंतीपाशी, ड्रेनेजच्या चेंबरपाशी तो नकोच. मोठं मूळ ओढलं जाताना त्यात अडकलेली पाण्याची किंवा पाइप गॅसची लाइन सोबत वर येते. लाइन कुठून जाते हे प्लंबरला आणि गॅस कंपनीला आधी विचारा. भिंतीलगतच्या बुंध्याला हाताने खणणं किंवा खुंट दळणाऱ्या यंत्राने जमिनीखाली वीतभर भुगा करणं बरं. यंत्र सगळ्यांकडे नसतं, त्यामुळे ‘खुंट काढणे’ म्हणजे नेमकं किती खोल, खड्डा कोण भरणार, मुळांचा राडारोडा कोण उचलणार, हे लेखी घ्या. नाहीतर गणपतीपर्यंत ते ढीग पार्किंगमध्ये पडून राहतात.

खुंटावर रॉकेल ओतून पेटवू नका. मुळातून विस्तव दिवसेंदिवस धुमसतो. आणि उभ्या झाडाला भोक पाडून हिंग किंवा ॲसिड घालण्याचा जो ‘गुपचूप’ उपाय सांगितला जातो, तो गुन्हा तर आहेच, शिवाय वाळलेलं झाड उभंच राहतं आणि त्यावर चढायला कुणी तयार होत नाही.

काम बिघडलंच असेल तर

झाड आधीच बोडकं केलं असेल तर सगळे धुमारे पुन्हा कापू नका. पुढच्या हंगामात प्रत्येक झुपक्यातला जोरदार एखादा ठेवून बाकी विरळ करायला सांगा. सुबाभूळ, कडुलिंब यांच्या खुंटाला पालवी फुटत राहते. ती कोवळी असतानाच दर पंधरवड्याला खुडली की खुंट दमतो. बुंध्याशी भूछत्रं उगवली, किंवा पावसात मुळांजवळची माती एका बाजूला उचललेली दिसली, तर छाटणीवाल्याला नव्हे, उद्यान विभागाला बोलवा. झाड झुकतच चाललं असेल तर थेट अग्निशमन दल, 101.

विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला मात्र कितीही अनुभवी माणूस असला तरी हात लावू देऊ नका. आधी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. चढणाऱ्याकडे हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि ठेकेदाराकडे कामगारांचा विमा आहे का, हे पाहूनच करवत चालू द्या. पावसाळ्यात झाडावर बगळ्यांची, रातबगळ्यांची घरटी असतील तर पिल्लं उडेपर्यंत काम पुढे ढकला. तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो.

शेवटचं बिल खड्डा भरून, दाबून झाल्यावरच द्या. पहिल्या दोन-तीन पावसांत माती खचते, म्हणून पुन्हा एकदा भर टाकायचं त्याच्याकडूनच कबूल करून घ्या. बदली रोप त्याच खड्ड्यात न लावता चार-पाच फूट बाजूला लावा, आणि बुंध्याभोवती मीटरभर जागा पेव्हर ब्लॉकशिवाय मोकळी सोडा.