डोळ्याच्या कोपऱ्याची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया: ठरवण्याआधी काय तपासावं, नंतर कशावर लक्ष ठेवावं

डोळा नीट मिटतो, खालची पापणी डोळ्याला लागून राहते, डोळ्यातलं पाणी नाकाच्या बाजूला सरकतं. हे सगळं बऱ्याच अंशी बाहेरच्या कोपऱ्यातल्या एका चिवट पट्ट्याच्या जोरावर चालतं. दोन्ही पापण्या तिथे एकत्र येतात आणि तो पट्टा खोबणीच्या हाडाला, हाडाच्या कडेपासून २ ते ४ मिलिमीटर आतल्या बाजूला, घट्ट धरलेला असतो. डोळे 'लांबट' किंवा 'तिरके' करण्याच्या शस्त्रक्रियेत हात घातला जातो तो इथेच. त्यामुळे ती करायची की नाही हे ठरवताना फोटोपेक्षा या पट्ट्याचा आणि डोळ्याच्या तब्येतीचा विचार आधी करावा.

नेमकं काय करून घेणार आहात?

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून डॉक्टरांकडून पद्धतीचं नाव लिहून घ्या.

कँथोपेक्सीमध्ये पट्टा कापत नाहीत. टाका घालून तो हाडावरच्या आवरणाला ओढून बांधतात. बदल कमी दिसतो, काळानुसार थोडा सैलही पडतो, पण धोका त्या मानाने कमी.

कँथोप्लास्टीमध्ये कोपरा उघडून पट्टा सोडवतात आणि नव्या जागी शिवतात. बदल जास्त, धोकाही जास्त. डोळा बाहेरच्या बाजूने लांब करायचा असेल तर मिळणारी वाढ साधारण २-३ मिलिमीटरचीच असते, कारण पुढे हाड आहे. त्याहून जास्त कबूल करणाऱ्यापासून लांब राहा.

एपिकँथोप्लास्टी आतल्या कोपऱ्याची. नाकाजवळची कातडीची घडी काढून आतला लालसर उंचवटा उघडा करतात. अश्रू वाहून नेणारी बारीक नळी अगदी शेजारून जाते आणि तिथला व्रण चेहऱ्याच्या मधोमध दिसतो. घडी मुळात ठळक नसेल तर ही शस्त्रक्रिया टाळलेलीच बरी.

बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा नैसर्गिकरीत्याच साधारण २ मिलिमीटर वर असतो. तुमचा तसा असेल, तर आणखी उचलल्यावर चेहरा ताणलेला, सतत दचकलेला दिसण्याची शक्यता असते.

आधीच्या तपासण्या

कोरडे डोळे हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. डोळ्याची फट वाढली की उघडा भाग वाढतो आणि अश्रू लवकर सुकतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत ती किती ओली होते हे पाहतात. १० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर थांबून विचार करायचा, ५ पेक्षा कमी असेल तर आधी कोरडेपणाचे उपचार. लेसरने चष्म्याचा नंबर घालवला असेल तर निदान ६ महिने जाऊ द्या.

पापणीचा ताण दोन प्रकारे बघतात. खालची पापणी खाली ओढून सोडली की डोळ्याची उघडझाप न करता ती लगेच जागेवर यायला हवी. चिमटीत धरून पुढे ओढली तर ६ ते ८ मिलिमीटरपेक्षा जास्त सुटू नये. सैल पापणीत नुसता कोपरा वर नेला तर ती बाहेर उलटू शकते.

तिसरी गोष्ट बाजूने बघायची. डोळा गालाच्या हाडापेक्षा पुढे आलेला आहे का? असेल तर पापणी घट्ट केल्यावर ती वर राहायच्या ऐवजी डोळ्याखाली घसरते. पोट सुटलेल्या माणसाने पट्टा आवळला की तो पोटाखाली सरकतो, तसंच. अशा डोळ्यांसाठी तंत्र बदलावं लागतं आणि अनेकदा नकार हेच योग्य उत्तर असतं. तपासणीत डॉक्टरांनी तुम्हाला बाजूने बघितलंच नाही, तर दुसरं मत घ्या.

थायरॉइडमुळे डोळे बदलत असतील, व्रण जाड होण्याची प्रवृत्ती असेल, मधुमेह किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर हे स्वतःहून सांगा.

तयारी

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांनी रक्तस्राव वाढू शकतो. साधारण १ ते २ आठवडे आधी ती बंद करायला सांगतात. पण हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी गोळी चालू असेल तर ती ज्यांनी लिहून दिली त्यांच्याशी बोलल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. धूम्रपान ४ आठवडे आधी सोडा. पहिल्या रात्री सोबत कुणीतरी जागं राहू शकेल अशी सोय करा. का, ते पुढे येतं.

पहिले २४ तास

सूज, काळंनिळं पडणं, चुरचुर, लालसर पाणी हे अपेक्षित आहे. उशा लावून डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा. कापडात गुंडाळलेला थंड पॅक जागेपणी दर तासाला १०-१५ मिनिटं, दाब न देता. वाकणं, जोर लावणं, नाक जोरात शिंकरणं बंद.

ज्याची खरी भीती बाळगावी तो धोका म्हणजे डोळ्यामागे रक्त साचणं. पापण्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये हे साधारण दोन हजारांत एकाला होतं असं मानलं जातं. खोबणीला बाजूंनी हाड असल्यामुळे रक्ताला पसरायला जागा नसते. दाब वाढतो, नजरेच्या नसेचा रक्तपुरवठा अडतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

म्हणून पहिल्या दिवशी जागेपणी दर एक-दोन तासांनी एकेक डोळा हलक्या हाताने झाकून तीच एक छापील ओळ वाचून बघा. मलमामुळे धूसर दिसतंच, पण थोडी उघडझाप केली की ते निवळतं. न निवळणारं, वाढत जाणारं धूसरपण वेगळं. एकाच बाजूचं दुखणं वाढत चाललंय आणि गोळीने थांबत नाही, डोळा पुढे आलाय, पापणी दगडासारखी कडक लागतेय, दोन-दोन दिसतंय, रंग फिके झालेत: यातलं काहीही दिसलं तर फोनवर उत्तराची वाट बघत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. तिथे टाके उघडून, गरज पडल्यास कोपऱ्यातला तोच पट्टा कापून दाब मोकळा करतात. साधारण दीड तासाच्या आत हे झालं तर नजर वाचण्याची आशा चांगली असते. दिसण्याचं नंतर बघता येतं. वेदनाशामकाचा जादा डोस घेऊन झोपू नका आणि डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका, दोन्हींमुळे लक्षणं झाकली जातात.

पुढचे आठवडे

टाके ५ ते ७ दिवसांनी निघतात. कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा मेकअप डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको, साधारण २ ते ४ आठवडे. डोळ्याचा पांढरा भाग जेलीसारखा फुगला तर घाबरू नका, पण दाखवा. त्याला थेंब आणि वंगण-मलम लागतं. रात्री डोळा पूर्ण मिटत नसेल तर झोपण्याआधी मलम घालाच, नाहीतर बुबुळावर जखम होते. ताप, पिवळं चिपडं, वाढणारी लाली ही जंतुसंसर्गाची खूण, त्याच दिवशी दाखवा.

उशिरा दिसणाऱ्या तक्रारींची कारणं समजली तर डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं. पट्टा हाडाच्या आतल्या बाजूला न शिवता पुढे शिवला गेला की कोपरा डोळ्यापासून सुटतो आणि मधल्या फटीत पाणी साचतं. कोपऱ्यात व्रण आकसला की तिथे पडद्यासारखी घडी येते किंवा टोक गोलसर होतं. कातडी जास्त काढली गेली तर खालची पापणी ओढली जाऊन बुबुळाखाली पांढरं दिसतं. कोपरा जास्त उघडला तर आतलं लाल अस्तर बाहेर दिसतं आणि सतत कोरडं पडतं. न विरघळणारा टाका महिन्यांनंतर गाठीसारखा टोचू शकतो.

व्रण पहिल्या १ ते ३ महिन्यांत सर्वांत लाल आणि कडक असतो, विशेषतः आतल्या कोपऱ्यात. त्या काळातला आकार अंतिम नाही. दुरुस्तीची शस्त्रक्रिया साधारण ६ महिन्यांआधी करत नाहीत, कारण सुजलेल्या, घट्ट ऊतींवर पुन्हा कापलं तर व्रण वाढतो. अपवाद बुबुळ उघडं पडून सुकत असेल तेव्हाचा. तेव्हा थांबायचं नसतं.

बाहेर उघडलेला कोपरा किंवा काढलेली घडी पूर्ववत करता येते, पण अंशतःच आणि नव्या व्रणाच्या मोबदल्यात. त्यामुळे मोजमाप ठरवताना थोडं कमीच मागा. कमी पडलं तर नंतर आणखी करता येतं. सल्लामसलतीला जाताना स्वतःचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि डोळे मिटलेले फोटो न्या आणि त्यांच्या प्रती डॉक्टरांच्या कागदपत्रांत लावायला सांगा. नंतर डोळा पूर्ण मिटतोय की नाही, हे त्यांच्याशीच ताडून बघावं लागतं.