पोरगं पाच वर्षांचं झालं, आता कुठला क्लास लावू?

दर एप्रिलमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न पडतोच, आणि उत्तरंही ठरलेली असतात, क्रिकेट, स्केटिंग, नाहीतर स्विमिंग. मला विचाराल तर आठ-नऊ वर्षांपर्यंत एकच असा खेळ ठरवूच नका. पोराला उद्या परत ग्राउंडवर जावंसं वाटलं पाहिजे, एवढं जमलं की बाकीचं नंतर बघता येतं. आपल्या बीडचा अविनाश साबळे ऑलिंपिकपर्यंत गेला, पण स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळला तो सैन्यात भरती झाल्यानंतर. जिम्नॅस्टिक्ससारखे एखाद-दोन खेळ लवकर धरावे लागतात हे खरं, पण म्हणून सगळ्यांनीच घाई करायची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 3-4 वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली 60 मिनिटं तरी दम लागेल अशी, 5 वर्षांनंतर मग रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल असं खेळणं. आकडा ऐकून घाबरू नका, जिने चढणं, मंडईत पायी जाणं, गच्चीवरची पकडापकडी, सगळं धरायचं त्यात. आणि फुकटातलं सगळ्यात भारी काय तर लंगडी, लगोरी, डोंगर का पाणी. लंगडीत तोल येतो, लगोरीत नेम बसतो, पळता पळता झटकन वळायची सवय लागते, हे सगळं पुढे कुठल्याही खेळात लागतंच. खो-खोला तर कमी लेखूच नका, 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या आणि दोन्ही कॅप्टन, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे.

क्लास लावायचाच असेल तर पैसे भरायच्या आधी एक दिवस नुसतं जाऊन बसा आणि मोजा, तासाभरात एका पोराच्या वाट्याला किती बॉल येतात. बऱ्याच ठिकाणी तीस पोरं आणि एक नेट असतं, मग पोरगं पन्नास मिनिटं लाइनमध्ये उभं राहून माती उकरतं आणि घरी येऊन म्हणतं बोअर झालं, त्यात त्याची काय चूक. सर पोरांना नावानं हाक मारतात का, चुकल्यावर सगळ्यांसमोर झापतात का, हेही बघून घ्या.

बॅट घेताना युनिफॉर्मसारखी "वाढत्या अंगाची" घेऊ नका प्लीज. बॅट बाजूला जमिनीवर टेकवून पोरगं ताठ उभं राहिल्यावर दांड्याचं टोक साधारण कमरेच्या हाडापाशी आलं पाहिजे, आणि वरच्या एका हातानं त्याला ती सहज उचलता आली पाहिजे. जड बॅट असली की सगळे शॉट आडवेच जाणार. सुरुवातीला टेनिस बॉल पुरे, सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक बॉल, एकदा बोटावर बसला की भीती बसते ती लवकर जात नाही.

आता पालकांचं. नेटच्या मागं उभं राहून "पाय काढ, पाय काढ!" ओरडणारे बाबा प्रत्येक ग्राउंडवर असतात, पोरगं बॉल बघायचं सोडून बाबांकडे बघतं आणि बोल्ड होतं. तुम्ही लांब झाडाखाली बसा, चहा प्या. मॅचनंतर गाडीवर बसल्या बसल्या "किती काढलेस?" नको, "मजा आली का, भूक लागली का?" एवढंच, स्कोअर त्याला सांगायचा असेल तर तो सांगेलच, अगदी सिग्नलला थांबल्यावर बाजूच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल असा सांगेल! हरल्यावर रडलं तर रडू द्या, आणि शेजारच्या आर्यनशी तुलना चुकूनही नको.

खाण्याचं फार डोकं लावू नका. खेळायच्या तासभर आधी केळं किंवा पोळीचा गूळ-तुपाचा रोल, नंतर पाणी, ताक नाहीतर लिंबू सरबत. एनर्जी ड्रिंक आणि प्रोटीन पावडर या वयात नकोच. मे महिन्यात, विदर्भ-मराठवाड्यात तर विशेषच, सकाळी आठच्या आत उरका नाहीतर सरळ ऊन उतरल्यावर.

प्रॅक्टिसचा साधा हिशोब म्हणजे मूल जितक्या वर्षांचं, आठवड्याला तितक्या तासांच्या वर नको, म्हणजे सात वर्षांच्याला सात तास खूप झाले, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. गुडघ्याखाली, टाचेत, खांद्यात दुखतंय म्हणालं तर "वाढीचं आहे, जाईल" म्हणून सोडू नका, लहान मुलांच्या हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात, तेच तेच करून तिथं दुखायला लागतं. दोन-चार दिवस आराम देऊनही लंगडत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, पण पेनकिलर देऊन मॅचला उतरवणं अजिबात नको, फायनल असली तरी.