कॅमेऱ्यात पाणी गेल्यास काय करावे

कॅमेरा पाण्यात पडला किंवा पावसात चिंब भिजला, की तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी बहुतेकांचा हात आधी बटणाकडे जातो, आणि खरे नुकसान बहुधा तिथेच होते. पाण्यात विरघळलेले क्षार आणि बॅटरीचा वीजप्रवाह एकत्र आले, की शॉर्टसर्किट होते आणि सर्किटवरील तांब्याच्या बारीक पट्ट्या झपाट्याने गंजू लागतात. म्हणून कॅमेरा बंद असेल तर चालू करून पाहू नये, आणि चालू असेल तर थेट बॅटरीच काढावी. लहान कॅमेऱ्यात बटण दाबून बंद करताना लेन्स आत घेणारी मोटर फिरते आणि लेन्सवरचे पाणीही आत ओढले जाते.

त्यानंतर मेमरी कार्ड काढावे. त्यातील छायाचित्रे सहसा शाबूत राहतात. कार्ड पूर्ण वाळेपर्यंत संगणकाला जोडू नये, एवढेच पथ्य. भिजलेली बॅटरी चार्जरला लावू नये. लेन्स सुटी होणारी असल्यास ती उतरवून बॉडीचे तोंड खाली धरावे, म्हणजे पाणी निथळेल. कॅमेरा झटकू नये, आणि आतल्या सेन्सरला (प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीला) किंवा आरशाला बोट अथवा कापड लावू नये.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेले तरी मीठ आतच राहते, हवेतील ओल शोषते आणि गंज चालूच ठेवते. तारकर्लीला किंवा अलिबागला लाटेने गाठलेला कॅमेरा त्यामुळे नुसता वाळवून भागत नाही. तो शक्यतो त्याच दिवशी दुरुस्ती केंद्रात न्यावा. तेवढी सोय नसेल आणि लहान कॅमेऱ्याची आशा सोडण्याचीच वेळ आली असेल, तर बॅटरी व कार्ड काढून तो काही मिनिटे डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून धुण्याचा शेवटचा उपाय करता येतो. गाडीच्या बॅटरीत घालण्यासाठी हे पाणी गॅरेजमध्ये मिळते. महागड्या कॅमेऱ्यावर मात्र हा प्रयोग करू नये.

वाळवण्यासाठी तांदळाचा डबा सुचवणारे घरोघरी भेटतात. माझ्या मते तो तांदूळ भातासाठीच ठेवावा, कारण त्याची पूड फटींत शिरते आणि ओलही फारशी ओढली जात नाही. सर्व झाकणे उघडी ठेवून कॅमेरा आधी पंख्याखाली ठेवावा, मग हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत) किमान दोन-तीन दिवस, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याहून अधिक. निळे जेल गुलाबी झाले, की ते बदलावे. हेअर ड्रायर, ओव्हन आणि कडक ऊन टाळावे. उष्णतेने आतला गोंद सुटतो.

स्क्रू काढून कॅमेरा स्वतः उघडू नये. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सुमारे 300 व्होल्टचा दाब असतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो बराच काळ टिकू शकतो.

लेन्सच्या आत वाफ दिसत असेल, तर वाळवण पुढे चालू ठेवावी. ती पूर्ण गेल्यावरच दुसरी, कोरडी बॅटरी घालून कॅमेरा सुरू करावा, आणि बॉडी तापली किंवा जळका वास आला तर बॅटरी लगेच काढावी. कॅमेरा चालू झाला तरी पुढचे काही आठवडे लेन्स टॉर्चच्या उजेडात तपासत राहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. ती काचेवरचा लेप खाऊ लागण्यापूर्वीच लेन्स साफ करून घ्यावी.