जर-तरची बंधनं: 'बिग-एम' कसा निवडावा

कमीत कमी खर्चाचं उत्पादन-नियोजन संगणकाकडून काढून घ्यायचं तर आधी ते गणिती मॉडेल म्हणून मांडावं लागतं. त्यासाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर पायोमो किंवा पल्प हे सॉफ्टवेअर घ्या, ज्युलिया ही भाषा येत असेल तर जंप. पल्पबरोबर सीबीसी हा सॉल्व्हर, म्हणजे मॉडेल सोडवणारा प्रोग्रॅम, येतोच. त्याहून चपळ हवा असेल तर हायस वापरून पाहा, तोही मोफत आहे. "आधी महागडा सॉल्व्हर घ्या" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. मॉडेल ढिसाळ असेल तर गुरोबीसारखा महागडा सॉल्व्हरसुद्धा तासन्‌तास रखडतो.

मॉडेलमधले चल (ज्यांच्या किमती शोधायच्या त्या राशी), उद्दिष्ट आणि साधी बंधनं लिहून टाका. खरं काम पुढे आहे.

'यंत्र चालू असेल तरच उत्पादन' हे सांगायला ० किंवा १ किंमत घेणारा 'चालू' हा चल लागतो आणि बंधन असं होतं ('एम', म्हणजेच 'बिग-एम', ही उत्पादनाची वरची मर्यादा):

उत्पादन ≤ एम × चालू

इथे 'एम म्हणून एखादी प्रचंड संख्या टाका' असं सर्रास शिकवलं जातं. मीही १०,००,००० टाकत असे. एकदा उत्तरात यंत्र बंद होतं आणि त्यावर १० नग तयार झालेले दिसले. आधी मी डेटा तपासला, मग सॉल्व्हरवर संशय घेतला. कित्येक दिवस त्यात गेले. चूक माझीच होती. सॉल्व्हर अपूर्णांकांत गणित करतो, त्यामुळे शून्याच्या अगदी जवळची किंमत तो शून्यच धरतो. गुरोबीत ही मुभा मुळातच ०.००००१ इतकी असते. तिला १०,००,००० ने गुणा: बरोबर १०, म्हणजे बंद यंत्रातून गळालेले तेच १० नग.

म्हणून प्रत्येक यंत्राचा एम वेगळा काढा. यंत्राची दिवसाची क्षमता ४८० नग आणि मागणी ३०० असेल, साठा करायचा नसेल, तर एम ३००. त्याहून एकही जास्त नको. गळती ०.००३ वर येते, आणि वेगही वाढतो. सॉल्व्हर आधी पूर्णांकाची अट ('चालू' ० किंवा १ च हवा) सोडून गणित सोडवतो. एम १०,००,००० असताना ३०० नगांसाठी त्याला 'चालू' फक्त ०.०००३ पुरतो, म्हणजे यंत्र सुरू करण्याचा खर्च जवळजवळ फुकटात सुटतो. मग सॉल्व्हर 'चालू' ० आणि १ धरून पर्यायांच्या फांद्या तपासत जातो, पण अशा अंदाजावरून कोणतीच फांदी छाटता येत नाही. एम ३०० केला की तोच 'चालू' पूर्ण १ होतो.

टॉलरन्स (वर सांगितलेली ०.००००१ ची मुभा) घट्ट करून हा प्रश्न सोडवू नका. मूळ दुखणं तसंच राहतं. वरची मर्यादा खरोखरच ठरवता येत नसेल तर गुरोबी, सीप्लेक्स किंवा स्किपमधली इंडिकेटर बंधनं (एम न देता थेट 'जर-तर' लिहिण्याची सोय) वापरा, पण तेवढ्यापुरतीच. आकड्यांत प्रचंड तफावत नको, म्हणून एकाच मॉडेलमध्ये ग्रॅम आणि टन मिसळू नका.

आकडे अंदाजाचे असतील तर गॅप (मिळालेलं उत्तर आणि शक्य त्या सर्वोत्तम उत्तराचा अंदाज यांतला चालणारा फरक) १ टक्का ठेवा आणि सोडवायला लावा.

उत्तर आलं की ०-१ चलांच्या किमती गोल न करता छापा. मग त्या गोल करून पक्क्या करा आणि उरलेलं गणित पुन्हा सोडवा. खर्च डोळ्यांत भरेल इतका बदलला किंवा उत्तरच मिळेनासं झालं, तर कुठला तरी एम अजूनही गरजेपेक्षा मोठा आहे.