डिझेलची जुनी व्हॅन पेट्रोलवर आणल्यानंतर इंधनपुरवठ्यातील दोष कसे शोधावेत

जुन्या डिझेल व्हॅनमध्ये पेट्रोल इंजिन बसवले, ते पहिल्या सेल्फला सुरूही झाले आणि आठ दिवसांनी लालबागचा उड्डाणपूल चढताना गाडी गचके खाऊ लागली, की बहुतेक जण प्लग, कॉइल आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) मागे लागतात. माझ्या व्हॅनच्या बाबतीत मीही तेच केले आणि प्लगचे दोन संच वाया घालवले. इंजिन बदलले होते, पण टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट डिझेलचीच राहिली होती. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करावी.

त्याआधी एक सवय मोडावी लागते. डिझेलच्या नळ्या सोडताना शेजारी हँडलॅम्प लटकत असला तरी सहसा काही बिघडत नाही. पेट्रोलची वाफ मात्र उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. काम उघड्यावर करावे, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि नळी सोडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी.

मिस्त्री ‘टाकी रिकामी केली’ म्हणतो तेव्हा ती सक्शन पाइपच्या तोंडापर्यंतच रिकामी झालेली असते. त्याखाली थोडे डिझेल, पाणी आणि अनेक वर्षांचा काळा गाळ राहतोच. तळाचा नट काढून अर्धा लिटर नमुना काचेच्या बाटलीत घ्यावा आणि तासभर हलवू नये. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते थोडे पाणी सामावून घेते, पण पाणी वाढले की त्यासह पेट्रोलपासून सुटून खाली बसते, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात अर्धी टाकी घेऊन महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे घडू शकते. त्याच नमुन्याचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. निव्वळ पेट्रोल उडून जाते. डिझेल मिसळलेले असेल तर भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग मागे राहतो. असा डाग दिसला, की इंजिन का ठोकते आणि धूर का येतो, हे वेगळे शोधावे लागत नाही. टाकी उतरवून धुवावी. शिवाय इथेनॉल जुना गाळ सोडवते, त्यामुळे नवा फिल्टरही पहिल्या ५०० किलोमीटरनंतर बदलावा.

सर्वाधिक घोळ पंपापाशी होतो. डिझेलचा फीड पंप इंजिनावर बसून दुरून इंधन ओढतो. पेट्रोल इंजेक्शनचा, म्हणजे इंजिनात दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या व्यवस्थेचा, विद्युत पंप ढकलण्यात तरबेज असतो, ओढण्यात नाही. तो इंजिनाजवळ उंचावर बसवला आणि त्याच्या आधी डिझेलचा जुना बारीक फिल्टर तसाच ठेवला, तर ओढीच्या बाजूला दाब इतका घटतो की मेच्या उन्हात, सिग्नलला उभ्या गाडीच्या तापलेल्या नळीत पेट्रोल उकळू लागते. पंप शिट्टीसारखा आवाज करतो, गाडी मान टाकते आणि अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू होते. पंप टाकीलगत आणि टाकीच्या तळापेक्षा खाली असावा, त्याच्या आधी फक्त जाड जाळी आणि मोठ्या व्यासाची नळी असावी, बारीक फिल्टर नंतर यावा. नळ्या इथेनॉलला व दाबाला टिकणाऱ्या, पेट्रोल इंजेक्शनसाठीच बनवलेल्या घ्याव्यात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या बाजारात घासाघीस जरूर करावी, पण या नळ्यांच्या दर्जाबाबत नाही.

मग रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, प्रेशर गेज (दाबमापक) लावावे. बहुतेक पेट्रोल इंजेक्शनमध्ये सुमारे ३ बार दाब लागतो. नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावा. उभ्या गाडीतील आकड्यावर विसंबू नये. गेज लांब नळीने बाहेर काढून काचेबाहेर वायपरला बांधावे, केबिनमध्ये कदापि आणू नये, आणि चढावर गाडी चालवताना शेजारी बसलेल्याने काटा पाहावा. जोर देताच काटा घसरला तर पंप, फिल्टर किंवा वीज यांपैकी काहीतरी कमी पडते आहे. पंपाच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजावे. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक घट असेल तर जुनी तार आणि बॉडी अर्थ दोषी आहेत. पंपाला स्वतंत्र जाड तार आणि रिले द्यावा, आणि इंजिन थांबले की पंपही थांबेल अशी जोडणी करावी.

याउलट दाब जास्त दिसला आणि धूर काळा असला, तर संशय रिटर्न नळीवर घ्यावा. डिझेलमध्ये ती इंजेक्टरमधून झिरपलेले थोडेसेच इंधन परत नेते. पेट्रोलमध्ये मंद वेगावर पंपाचा जवळजवळ सगळा प्रवाह तिच्यातून जातो. रिटर्न काही क्षण धातूच्या डब्यात सोडावी. दाब लगेच उतरला तर नळी अरुंद आहे.

कार्ब्युरेटरचे इंजिन असेल तर ०.२ ते ०.३५ बार पुरे. इंजेक्शनचा पंप लावल्यास कार्ब्युरेटर वाहू लागतो.

गाडी वीस-पंचवीस मिनिटांनीच बंद पडत असेल, तर लगेच टाकीचे झाकण उघडून पाहावे. फुस्स आवाज होऊन हवा आत शिरली आणि गाडी सुरू झाली, तर टाकीत हवा येण्याची वाट तुंबलेली आहे.

इंधन बदलल्याची नोंद आरटीओकडून आरसीवर करून घ्यावी, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल मंजुरीविना चालत नाही. आणि टाकीच्या तोंडाशी ‘फक्त पेट्रोल’ असे ठळक रंगवावे. डिझेलचे रुंद नोझल त्या तोंडात सहज जाते आणि व्हॅन पाहून पंपावरचा मुलगा न विचारता डिझेलच भरतो. मी एकदा ४० लिटर उपसले आहे.