अनेक हातांचं एक पांघरूण: लोकरीच्या दुकानातल्या विणकाम गटासाठी कृती

लोकरीच्या दुकानात आठवड्यातून एकदा जमणारा गट एकत्र काही करायचं म्हणतो, तेव्हा पहिलं नाव निघतं ते चौकोन जोडून केलेल्या पांघरुणाचं. प्रत्येकानं दोन-तीन चौकोन विणायचे, दुकानात आणून द्यायचे, शेवटी सगळे मिळून जोडायचे. ऐकायला सोपं आहे. अडतं ते जोडताना. कुणाचा चौकोन १८ सेंटिमीटरचा, कुणाचा २२चा, तर एखादा एका अंगाला ओढलेला. तीच लोकर, त्याच सुया आणि तेवढेच टाके दिले तरी प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणी धागा बोटाला दोनदा गुंडाळून ताणून धरतं, कुणी नुसता सैल सोडतं. ४० टाक्यांच्या ओळीत एवढ्यानंच दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो.

म्हणून हात बदला असं कुणाला सांगू नका. मुद्दाम घट्ट केलेला हात चार ओळी टिकतो आणि गप्पा रंगल्या की पुन्हा सैल होतो. त्यापेक्षा चौकोनच असा निवडा, जो टाके मोजून पूर्ण होत नाही, बाजू मोजून होतो. कोपऱ्यातून सुरू होणारा तिरपा चौकोन या कामाला सगळ्यात भरवशाचा.

आधी हिशेब

पाच आडवे आणि सहा उभे असे ३० चौकोन धरू. विणलेला चौकोन १९ सेंटिमीटरचा. त्याच्या चारी बाजूंनी क्रोशाचा अर्ध्या सेंटिमीटरचा काठ आला की तो २०चा होतो आणि पांघरूण १०० बाय १२० सेंटिमीटर भरतं. मांडीवर घ्यायला किंवा लहान मुलाला पांघरायला हे माप पुरेसं आहे. मागताना मात्र ३४ चौकोन मागा. एखादा वेळेवर येत नाही, एखादा रंगात बसत नाही.

चौकोनच हवा असंही नाही. ‘वॉर्म अप अमेरिका’ हा उपक्रम एव्ही रोझन यांनी सुरू केला. त्या स्वतः लोकरीचं दुकान चालवत. त्यात ७ बाय ९ इंचांचे ४९ तुकडे जोडून पांघरूण करतात. पण आयताला आडवं-उभं असतं आणि कुणीतरी ते हमखास उलटं धरतं. चौकोनात ती चूक होऊच शकत नाही.

एका चौकोनात सुमारे २,९०० टाके पडतात. सरावलेला हात मिनिटाला २० टाके विणतो, म्हणजे अडीच तास. नव्यानं शिकणाऱ्याला १० टाके जमले तरी खूप, म्हणजे पाच तास. बैठक दोन तासांची असेल, तर नवशिक्याचा एक चौकोन तिसऱ्या बैठकीत पुरा होतो. त्याला एकच चौकोन द्या, जुन्यांना चार-चार द्या. सगळ्यांना सारखे वाटून दिले, तर नवीन माणूस मागे पडतो, मग संकोचानं यायचंच थांबतो. चौकोन जमा करायची शेवटची तारीख जोडणीच्या तीन आठवडे आधीची ठेवा. मधल्या वेळात धुणं, वाळवणं आणि काठ होतात.

लोकर

डीके (डबल निटिंग) जाडीची लोकर घ्या. १०० ग्रॅमच्या लडीत साधारण २०० ते २५० मीटर भरते. काही ठिकाणी तिच्या लेबलवर ‘८ प्लाय’ लिहिलेलं असतं, पण प्लाय म्हणजे पिळाचे पदर, जाडी नव्हे. शंका असेल तर धागा पट्टीभोवती न ताणता, शेजारी-शेजारी गुंडाळा. अडीच सेंटिमीटरमध्ये ११ ते १४ वेढे बसले, तर जाडी जमली.

सुया ४ मिलिमीटरच्या. नंबरावर जाऊ नका. जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन मोजणीत ८ म्हणजे ५ मिलिमीटर. दोघी ‘आठ नंबर’च म्हणतात आणि दोघींच्या विणीत जमीन-अस्मानाचा फरक. दुकानात छिद्रांची मापपट्टी असतेच, तिच्यात सुई घालून बघा.

चौकोनाला सुमारे २२ ग्रॅम लोकर लागते, त्यामुळे घरातली अर्धी-मुर्धी लड चालून जाते. पण धुण्याच्या बाबतीत सगळ्या लोकरी एका जातीच्या हव्यात. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. अक्रिलिक तसं आटत नाही. दोन्हींचे चौकोन शेजारी जोडले, तर पहिल्या मशीन-धुण्यात पांघरूण जागोजागी आवळतं आणि ते दुरुस्त होत नाही. लेबल हरवलेली लड असेल, तर दुकान चालवणाऱ्यानं ५ सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून, खाली धातूची ताटली ठेवून जाळून बघावा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरडणारी राख उरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अक्रिलिक. दोन्ही खुणा दिसल्या तर मिश्रण. असा धागा या कामात न घेतलेलाच बरा.

गडद लाल, निळा, काळा यांचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून दहा मिनिटं ठेवा. कापडावर डाग उतरला, तर तो रंग या पांघरुणात नको.

काठ, जोड आणि बाहेरची किनार यांची लोकर मात्र दुकानानंच द्यावी: एक रंग, २०० ग्रॅम, सगळ्या लडींवर रंगाचा लॉट नंबर एकच. प्रत्यक्षात १३० ग्रॅमच्या आसपास लागते. पण कमी पडली आणि वेगळ्या लॉटची आणली, तर किनारीत पट्टा उठून दिसतो.

चौकोन

सगळ्या ओळी सुलट, एकही उलट ओळ नाही. या विणीत दोन ओळींची मिळून एक उठावाची रेघ होते आणि तिची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. म्हणूनच तिरप्या विणकामात कोपरा आपोआप काटकोनात येतो. हात घट्ट असो वा सैल, हे प्रमाण फारसं बदलत नाही.

१. १५ सेंटिमीटर शेपूट सोडून दोन टाके घाला.

२. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात दोन टाके करा: टाका पुढून सुलट विणा, डाव्या सुईवरून सोडू नका, त्याच टाक्याच्या मागच्या दोऱ्यातून पुन्हा विणा, मग सोडा. बाकीची ओळ सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो.

३. काम टेबलावर न ताणता पसरा. सुरुवातीच्या कोपऱ्यापासून सुईपर्यंतची तिरपी कड मोजा. दोन्ही कडा १९ सेंटिमीटर झाल्या की वाढवणं थांबवा. तेव्हा सुईवर साधारण ५४ टाके असतात, पण ५० असले किंवा ५८ असले तरी चालेल. बाजू बघायची, टाके नाही.

४. आता प्रत्येक ओळीचे पहिले दोन टाके एकत्र सुलट विणा, बाकीची ओळ सुलट. दोन टाके उरले की तेही एकत्र करा, धागा १५ सेंटिमीटर ठेवून कापा आणि शेवटच्या टाक्यातून ओढून घ्या.

मोजायला कापडी टेप वापरू नका, वापरून वापरून ती लांबते. दुकानानं पुठ्ठ्याच्या १९ सेंटिमीटरच्या पट्ट्या एकाच पट्टीवरून कापून सगळ्यांना वाटाव्यात. डावखुऱ्यांसाठीही कृती हीच, काही बदलावं लागत नाही.

कुठे चुकतं

सगळ्यात जास्त चूक ओळीच्या पहिल्या टाक्याला होते. काम फिरवल्यावर धागा सुईवरून मागे ओढला गेला, तर पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात. एका टाक्याचे दोन दिसतात. नवशिका दोन्ही विणतो, आणि या कृतीत तर पहिल्याच टाक्यात वाढ करायची असल्यानं एकाऐवजी दोन टाके वाढतात. ती कड दुसरीपेक्षा भराभर पसरते. उपाय सोपा आहे: काम फिरवलं की धागा आधी सुईच्या खाली, पुढच्या बाजूला ओढा. पहिला टाका एकटा, सरळ उभा दिसतो. मग सुयांच्या मधून धागा मागे न्या आणि विणा. धागा पुढेच राहिला, तर नको तिथे वेढा पडून भोक दिसतं.

ओळ अर्ध्यात सोडून उठणं हे दुसरं कारण. परत आल्यावर उलट्या दिशेनं विणलं, तर एका अंगाला दोन ओळी जास्त होतात आणि चौकोन वाकतो. काम हातात घेताना एवढंच बघा, की लडीकडे जाणारा धागा उजव्या हातातल्या सुईवरून लोंबतोय ना.

सुटलेला टाका क्रोशाच्या सुईनं वर आणता येतो, पण या विणीत एक पायरी पुढून आणि एक मागून ओढावी लागते. सगळ्या पुढूनच ओढल्या, तर उठावाच्या रेघांमध्ये एक गुळगुळीत उभी पट्टी दिसते. सर्वात रुंद ओळ झाली की दाभणानं वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे काही बिघडलं, तर तिथपर्यंत निर्धास्त उसवता येतं.

लड मध्येच संपली तर नवी लड ओळीच्या सुरुवातीला घ्या, गाठ मारू नका. गाठ धुतल्यावर वर येते आणि कधीतरी सुटते.

चौकोन मोजायला गटातल्या एकाच व्यक्तीला नेमा. माप चुकलं असेल, तर ज्याचा चौकोन त्यालाच दाखवा आणि शेजारी बसून उसवायला मदत करा. न सांगता दुसऱ्याकडून विणून घेणं बरोबर नाही. माणूस आपला चौकोन पांघरुणात शोधतो, आणि दुसऱ्याचा हात त्याला लगेच ओळखू येतो.

धुणं आणि ताणून वाळवणं

जोडण्याआधी प्रत्येक चौकोन धुवाच. कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. लोकरीचा चौकोन फोमच्या पाट्यावर १९ सेंटिमीटरची चौकट आखून टाचण्यांनी पक्का करा, आधी चार कोपरे, मग बाजू. अक्रिलिक नुसतं सपाट वाळवा. त्यावर इस्त्री टेकवली, तर त्याचा लवचीकपणा कायमचा जातो.

मशीनमध्ये धुता येणारी लोकर भिजल्यावर वाढते. म्हणून प्रत्येक जातीचा एक चौकोन आधी विणून धुवून बघा. १९चा २० झाला, तर त्या लोकरीसाठी पुठ्ठ्याची पट्टी १८ सेंटिमीटरची कापा.

वाळल्यावर अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालतो, काठ तो सामावून घेतो. चौकोन १८चा असेल, तर त्याला काठाच्या रंगातच एक जास्तीचा फेर द्या. २० पेक्षा मोठा असेल, तर मधल्या दोऱ्यापर्यंत उसवून, आणखी दोन-तीन ओळी मागे जाऊन, लवकर घटवायला लागा.

काठ आणि जोड

काठ ४ मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईनं, मुक्या खांबांचा (अमेरिकन कृतींतला सिंगल क्रोशे). शक्यतो एकाच-दोघांनी सगळे काठ करावेत. प्रत्येक बाजूचे टाचण्या लावून चार सारखे भाग करा, दर भागात ८ मुके खांब, म्हणजे बाजूला ३२. कोपऱ्यात ३. चौकोन किंचित लहान-मोठा असला तरी खांब ३२च. या एका नियमामुळे जोड सुरकुतत नाही, कारण समोरासमोर दोन्हीकडे संख्या सारखी येते.

सगळे चौकोन जमिनीवर मांडा. तिरप्या रेघा आलटून पालटून ठेवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, तर पांघरुणभर आपोआप समभुज नक्षी उमटते. मांडणीचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. रंग बाजूला पडले की गडद चौकोन एकाच कोपऱ्यात गोळा झालेत का ते लगेच कळतं. जमलं की प्रत्येक चौकोनाला ‘ओळ २, घर ४’ अशी चिठ्ठी टाचा. ही पायरी टाळली, तर उचलताना मांडणी विस्कटलीच म्हणून समजा.

आधी पाच-पाचच्या सहा पट्ट्या, मग पट्ट्या एकमेकींना. दोन चौकोन सुलट बाजू वर ठेवून शेजारी धरा. बोथट टोकाच्या दाभणानं, समोरासमोरच्या खांबांच्या माथ्यावरच्या साखळीतला फक्त आपल्याकडचा, म्हणजे जोडाला लागून असलेला दोरा उचलत वळसे घाला. कोपऱ्याच्या मधल्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत ३६ वळसे होतात. धागा ओढून घट्ट केला, तर जोड दोरीसारखा आत ओढला जातो. टाका बसेल एवढाच ओढा. पट्ट्या जोडताना चार कोपरे एकत्र येतात तिथे एक जादा वळसा घ्या, नाहीतर मधोमध भोक राहतं.

शेवटी बाहेरून मुक्या खांबांचे तीन फेर, प्रत्येक फेरात चारही कोपऱ्यांवर तीन-तीन खांब. किनार लाटांसारखी व्हायला लागली तर खांब जास्त झालेत, कोपरे आत वळले तर कमी.

शेपटं उठावाच्या रेघेतून ५ सेंटिमीटर एका दिशेनं आणि थोडं उलट दिशेनं ओवा. लगेच कापू नका, पांघरूण एकदा धुवून झाल्यावर कापा. ओलं होऊन वीण हलते, तेव्हा आखूड कापलेली टोकं बाहेर येतात.

पांघरूण कुणाला द्यायचं असेल, तर त्यांना लोकर चालते का, मशीनमध्ये धुतील की हातानं, हे लोकर घेण्याआधीच विचारा. तान्ह्या बाळासाठी असेल तर झालर, बटणं, मणी काही लावू नका आणि बोट अडकेल एवढं भोक कुठे राहू देऊ नका. देताना धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी आणि काठाच्या लोकरीची ५ मीटरची छोटी लडी सोबत बांधा. जोड उसवला तर त्याच लॉटचा धागा हाताशी असेल.